बीपी बघायला

बमरोली, सुरत
४ जून १९९७

योगराज भिका पाटील यांस,

वर नमस्कार वगैरे काही लिहिलेलं नाही. नाव लिहिलं तेही कामरेजच्या पोस्टमनला कळावं म्हणून.

आंतरदेशीय घेतलंय, ते चिकटवता येतं. म्हणजे या वेळी तुमची अब्रू मी झाकली. पुढच्या वेळी पोस्टकार्ड टाकेन. मग पोस्टमन वाचेल, तुम्ही ज्यांच्या उसाला पाणी भरता ते मालक वाचतील, आणि पंपावरचे सगळे जेवताना एकमेकांना वाचून दाखवतील. ही धमकीच समजा.

तुमची पेटी मी ओटल्यावर ठेवली त्याला बारा दिवस झाले. जाताना तुम्ही म्हणालात, 'एवढ्याशा गोष्टीवरून?' बारा दिवस साड्यांचे धागे कापताना मी तेच मोजतेय, एवढीशी म्हणजे केवढी. आता सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण माझ्याकडून सलग ऐकलेलं नाही. मी बोलायला लागले की तुम्ही 'कानात खटखट होतेय' म्हणून भिंतीकडे तोंड करायचात. पत्राला भिंत नसते.

गेल्या आषाढात सुट्टीच्या दिवशी तुम्ही जेवायला आला नाहीत. लूमच्या खात्यात तुमच्या शेजारी कापड विणायला उभे राहणारे हिलालभाऊ गल्लीतून चालले होते. आपल्या गावाकडचे, मला बहीण मानणारे. मी विचारलं, हे कुठे गेले? ते हसत म्हणाले, 'ताई, बीपी देखाले गयात.'

मी काय समजणार? भिंतीपलीकडच्या सुभद्राबाईंचे मालक बीपीनंच गेले. सकाळी दात घासता घासता पडले, तोंड वाकडं झालं, आठ दिवसांत संपले. मला एकच बीपी माहीत होतं.

तुम्ही आलात. मी पाणी दिलं आणि विचारलं, 'बीपी बघितलं का?' तुमचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं आजारानं. मी विचारलं, 'किती निघालं?' तुम्ही तांब्यात बघत म्हणालात, 'जास्त शे.'

झालं. त्या दोन शब्दांवर तुम्ही दहा महिने काढलेत.

दहा महिने मी अळणी रांधलं. सुभद्राबाईंनी शिकवलं, लिंबू पिळायचं म्हणजे मिठाची आठवण येत नाही. लोणचं बंद, पापड बंद. सुट्टीच्या दिवशी तुम्ही बीपी बघायला निघालात की मी दारापर्यंत यायचे, सावकाश जा म्हणायचे. मीच तुम्हाला पाठवत होते. खात्यात डबा द्यायला आले की मी सगळ्यांना सांगायचे, भाऊ, यांना जड उचलायला लावू नका, यांचं बीपी फार वाढलंय. सगळे खाली बघायचे. मला वाटायचं, किती सभ्य माणसं आहेत, बाईमाणसाकडे मान वर करून बघत नाहीत. ते हसत होते.

मग मे महिन्यात तुम्ही वाळायला लागलात म्हणून मी ओढून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दंडाला पट्टा दोनदा बांधला. 'अगदी व्यवस्थित आहे. कोणी सांगितलं बीपी आहे?' मी छाती पुढे काढून सांगितलं, दर आठवड्याला बघायला जातात. मागे कंपाउंडरला खोकला आला. डॉक्टर तुमच्याकडे बघायला लागले आणि तुम्ही फरशीकडे. रस्त्यावर मी तुमची बाही धरली तेव्हा तुमच्या तोंडून निघालं, ब्लू पिच्चर.

एवढीशी गोष्ट ती ही. पैसे किती गेले ते मी मोजलं नाही, मोजणारही नाही. तुम्ही बायका बघितल्या त्याचा राग आहेच, तो वेगळा लिहीन. आधी मिठाचा.

कोकिळा

*

बमरोली
२० जून १९९७

योगराज पाटील यांस,

पत्र मिळालं. 'वाईट संगतीमुळे झालं, आता सोडलं आहे, तुझी आण' एवढं लिहायला तुम्हाला सोळा दिवस लागले.

संगत कोणाची? हिलालभाऊंची? त्यांना काल विचारलं. ते म्हणाले, 'ताई, मी दोनदा गेलो. मला उबळ येते तिथल्या वासानं. तो एकटाच जायचा.' एकट्या माणसाला संगत कोणाची लागली ते पुढच्या पत्रात कळवा. आणि माझी आण घालू नका. माझ्या भोळेपणावर आधीच एक आजार खपवलात.

धनू बरी आहे. तुमची आठवण काढत नाही. बाबा कामरेजला कशाला गेले असं तिनं एकदा विचारलं, मी म्हटलं, तिथली हवा बीपीला चांगली. बाराव्या वर्षाच्या मुलीला दुसरं काय सांगायचं ते तुम्ही सुचवा. आता त्या खोट्यात मी पण आले. तुम्ही एकटे होतात तेव्हा निदान घरात एक माणूस खरं बोलणारं होतं.

आणि ही पोरगी अजून अळणीच खाते.

तुम्हाला आठवतं ना ते कसं सुरू झालं? तुमच्या ताटात बिनमिठाची डाळ बघून ती म्हणाली, बाबा एकटे कसे खातील, मी पण खाते. मी तिच्यासाठी वेगळी वाटी काढत होते. तिनं ती सरकवली. तुमच्या शेजारी मांडी घालून बसली आणि तोंड वाकडं करत गिळायला लागली. तुम्ही बघत होतात. मी तुमच्याकडे बघून हसले सुद्धा, आपली पोर किती मायेची म्हणून. तुम्ही घास घेतलात.

त्या दिवशी बोलता आलं असतं. मला नका सांगू, तिला नुसतं म्हणायचं होतं, बेटा, तू मीठ खा, मला काही झालेलं नाही. तेवढंही तुमच्या तोंडून निघालं नाही. दहा महिने ती तुमच्या मांडीला मांडी लावून अळणी जेवली आणि सुट्टी आली की तुम्ही केस विंचरून निघालात.

मी आता गुपचूप तिच्या डाळीत चिमूटभर घालते. जिभेला कळतं तिच्या. ताट सरकवते.

कोकिळा

*

बमरोली
९ जुलै १९९७

मी तिथे जाऊन आले.

दचकलात? दचका. साड्यांचा गठ्ठा द्यायला निघाले होते, दुपारचे बारा वाजले होते, आणि हिलालभाऊंकडून काढून घेतलेल्या पत्त्याकडे पाय वळले. बंद पडलेल्या खात्यामागे पत्र्याची शेड, बाहेर सायकली. दारावरच्या माणसाला सांगितलं, माझा भाऊ आत आहे, घरी मयत झालीय. आजकाल मला खोटं बोलायला जड जात नाही, घरातच शिकले. तो म्हणाला, 'जल्दी देख लो बहन.' पडदा त्यानं थोडा बाजूला केला.

मी आत बघितलं. टीव्हीकडेही बघितलं, कशाला लपवू. लाज वाटली, पण दुसरंच काहीतरी जास्त वाटलं. ती जी बाई होती, तिची पाठ दुखत होती. मला कळलं. मी दिवसभर खाली बसून धागे कापते, दुखऱ्या पाठीची बाई कशी हलते ते मला कोणी शिकवायला नको. तिथे बसलेल्या तीस-चाळीस बाप्यांत कोणालाच ते दिसत नव्हतं.

मग मी त्यांच्या तोंडांकडे बघितलं. मला वाटलं होतं, आत हसणं-खिदळणं असेल, शिट्ट्या असतील, मजा असेल. माझा निम्मा राग त्या मजेवर होता, की मी इथे अळणी रांधतेय आणि हा तिथे मजा करतोय. पण एकाच्याही तोंडावर मजा नव्हती. कोणी शेजारच्याकडे बघत नव्हतं. लूमसमोर उभं राहून धागा कधी तुटतो याची वाट बघतात, तशी सगळ्यांची तोंडं. आठवड्याची एक सुट्टी आणि त्यातही ड्युटीवर असल्यासारखे बसलेले.

तू असा बसायचास? त्या बाकड्यावर, गुडघ्यांवर हात ठेवून, असलं मेलेलं तोंड करून? त्यासाठी माझ्या पोरीनं मीठ सोडलं? अरे, निदान मजा तरी करायची होतीस. मग मला म्हणता आलं असतं, सुखासाठी केलं. तिथे तर सुख पण नव्हतं.

वर 'तू' लिहिलं गेलंय. खोडत नाही.

बाहेर आले तर उन्हात डोळे दिपले आणि मला रडू आलं. दारावरच्या माणसाला वाटलं मयतीमुळे. म्हणाला, पाणी घेणार का. मी घेतलं.

तुमचं ५ तारखेचं पत्र आलंय. त्यात तब्येत, पाऊसपाणी, उसाचं पाणी, सगळं आहे. तेवढं एक सोडून. असलं पत्र पुन्हा पाठवू नका. एकच लिहा. तुम्ही का जात होतात. 'चुकलो' लिहू नका, ते मला माहीत आहे. का जात होतात?

कोकिळा

*

बमरोली
१२ ऑगस्ट १९९७

योगराज पाटील यांस,

परवा कानबाईचा सण झाला. गल्लीतल्या आपल्या खान्देशातल्या सगळ्यांनी मिळून देवी बसवली. प्रसादाच्या रोटासाठी गहू घेताना घरातल्या पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घ्यायची असते. तुमच्या नावाची घेऊ की नको म्हणून माझा हात सुपावर थांबला. घेतली. धनू बघत होती म्हणून घेतली, उगाच काही समजू नका.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या अक्षरात काहीतरी खरं आलं. मी लिहिते म्हणजे तुम्हाला कळेल की मला काय समजलं.

तुम्ही लिहिलंय की धनूला घेऊन मी माझ्या आईच्या आजारपणात चार महिने गावी होते तेव्हा सुरुवात झाली. बारा तास लूममध्ये उभं राहून बाहेर आलं तरी कानात खटाखट चालूच राहते. रिकाम्या खोलीत ती जास्त ऐकू यायची. तिथे जाऊन बसलात आणि पहिल्यांदा ती थांबली. पुढे थांबवायला म्हणून गेलात. मग असं झालं की तिथेही थोडाच वेळ थांबायची आणि बाहेर पडलं की दुप्पट व्हायची, आणि त्यावर औषध म्हणून पुन्हा तिथेच. 'मग मला काहीच गोड लागेना. तू दिलेलं लिंबू पण नाही,' असं लिहिलंय तुम्ही.

मी त्याच डॉक्टरांकडे गेले. हो, एकटी. कंपाउंडरला बाहेर बसवलं. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, 'बाई, हा तंबाखूसारखाच नाद. आधी माणूस बरं वाटावं म्हणून करतो, नंतर वाईट वाटू नये म्हणून करतो. शिव्या देऊन सुटत नाही, शपथेनं तर नाहीच. निघायच्या आधी त्याला काय होतं ते त्यानं ओळखायचं, आणि त्या वेळी लपायच्या ऐवजी कोणाला तरी तोंडानं सांगायचं. आणि कान तपासून घ्या.' तसं करा. कामरेजला कोणीतरी असेल ज्याला सांगता येईल. मला सांगायला मी तिथे नाही.

आता एक माझं. हे लिहायचं नव्हतं.

तुमचे कान गेल्यापासून मी घरात ओरडून बोलायला लागले. मीठ द्या, दार लावा, धनूची फी भरा, सगळं ओरडून. ओरडून बोललं की साधी गोष्टही भांडणासारखी वाटते. हळू बोललेलं तुम्हाला ऐकू येत नव्हतं, म्हणून ज्या गोष्टी हळूच बोलायच्या असतात त्या मी बोलणंच सोडलं. त्याला चार-पाच वर्षं झाली असतील. आणि तुम्हाला बीपी आहे असं वाटलं तेव्हा, खरं सांगते, मला भीतीबरोबर थोडं बरंही वाटलं होतं. तुमच्यासाठी काहीतरी करायला मिळालं. लिंबू पिळताना मला तुमच्याजवळ असल्यासारखं वाटायचं.

म्हणून तर राग जास्त आहे. ते जवळ असणं पण खोटं निघालं.

हे वाचून 'म्हणजे चूक तुझी पण' असं मनात आलं असेल तर पत्र तिथेच पाटाच्या पाण्यात टाका. मी ओरडत होते, पण मी खोटं बोलत नव्हते.

कोकिळा

*

बमरोली
३ सप्टेंबर १९९७

चाळीस दिवस गेला नाहीत आणि एकेचाळिसाव्या दिवशी हायवेवरच्या ढाब्यामागे तसलाच पिच्चर बघायला जाऊन बसलात.

पत्र वाचलं तेव्हा हातात कात्री होती. साडी कापली गेली, शेठच्या माणसाला मीच भरून देणार. सुभद्राबाई म्हणाल्या, काय झालं? मी म्हटलं, बीपी वाढलं. त्या बिचाऱ्या लगेच लिंबू घेऊन आल्या. एवढ्या संतापात मला हसू फुटलं, आणि हसू फुटलं म्हणून अजून संताप आला.

सकाळपासून तुम्हाला शिव्या देतेय. सांगण्यासारख्या नाहीत, अहिराणीतल्या आहेत, माझ्या आजीच्या. दुपारी पत्र पुन्हा वाचलं.

या वेळी तुम्हाला कोणी पकडलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं. मला कळायला काही वाव नव्हता. तरी तुम्ही लिहिलंत, दिवस मोजून लिहिलंत, की मालकानं सगळ्यांसमोर बहिरा म्हटलं, जेवण गेलं नाही, कान वाजायला लागले, पाय निघाले. अर्ध्यातून उठून आलात आणि पंपावरच्या बाबुराव म्हाताऱ्यांना सांगितलंत. त्यांनी काही उपदेश केला नाही, नुसता पाट मोकळा करायला सोबत नेलं आणि संध्याकाळपर्यंत चिखलात ठेवलं, हे बरं केलं त्यांनी. त्यांना माझा नमस्कार सांगा. तुम्हाला नाही.

पुन्हा जावंसं वाटेल. वाटलं की बाबुरावांकडे जा. बाबुराव नसले तर मला लिहा. मी शिव्या देईन, पण उत्तर देईन.

कोकिळा

*

बमरोली
१८ सप्टेंबर १९९७

धनू काल शाळेत पडली.

प्रार्थनेला उभी होती, चक्कर आली, कपाळ बाकावर आपटलं. दोन टाके. घाबरू नका, आता बरी आहे, झोपलीय. डॉक्टरांनी विचारलं, ही काय खाते? मी सांगितलं. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं जमीन पोटात घेईल तर बरं. म्हणाले, 'एवढ्या उकाड्यात घाम गाळणारी वाढती मुलगी, आणि वर्षभर मीठ बंद? कोणाच्या सांगण्यावरून?'

कोणाच्या सांगण्यावरून, योगराज पाटील?

मी जूनमध्ये तुम्हाला खोटं लिहिलं होतं, की ती तुमची आठवण काढत नाही. ती रोज विचारते. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारते, 'बाबा कव्हय येतीन?' तुम्हाला बरं वाटू नये म्हणून मी लपवलं. आता कळवते, कारण त्याचा उपयोग तुम्हाला टोचायला होईल.

घरी आणल्यावर मी तिला बसवून सांगितलं, बाबांना बीपी नाही, तू मीठ खा. ती म्हणाली, मग ते कामरेजला का राहतात? मी ताट तिच्यापुढे सरकवलं. ती म्हणाली, 'तू मला मीठ खाऊ घालायला खोटं सांगतेस.' कानबाईसमोर तिनं नवस केलाय. बाबांचं बीपी उतरेपर्यंत मिठाला हात लावणार नाही. कानबाईचं विसर्जन झालं, नवस घरात राहिला. मी ओरडले, हात उगारला, रडले. ती ढिम्म. हट्ट माझा घेतलाय, सहन करणं कोणाचं घेतलंय कोण जाणे.

माझ्या शब्दावर ती विश्वास ठेवणार नाही, कारण हवापालटाचं खोटं माझं आहे. तुमच्या शब्दावर ठेवेल.

तेव्हा नीट ऐका. तुम्ही तिला लिहा. मला नाही, तिला. आंतरदेशीय नाही, पोस्टकार्ड. चिकटवलेलं पत्र आलं तर तिला वाटेल आईनं मागे लागून लिहून घेतलं, चोरून समजूत काढली. उघडं कार्ड कोणी खोटं लिहीत नाही, एवढं तिला कळतं. आपल्या गल्लीत पोस्टकार्ड कसं पोचतं ते तुम्हाला माहीत आहे. पोस्टमन वाचतो, ओटल्यावर सुभद्राबाई वाचतात, धागे कापणाऱ्या सगळ्या ऐकतात, मग ते माझ्या हातात येतं. तसंच येऊ दे. तुमचं खोटं सगळ्या गल्लीनं खाल्लंय, सुभद्राबाईंनी त्यावर लिंबं पिळलीत. खरंही सगळ्यांसमोर येऊ दे.

तुम्ही म्हणाल, मग मी गल्लीत तोंड कसं दाखवू? ते मला विचारू नका. मला हसलेल्या खात्यातल्या माणसांना मी गल्लीत तोंड दाखवतेच आहे.

दिवाळीला घरी येऊ का म्हणून तुम्ही दोन वेळा विचारलंत. कार्ड आलं तर बघू. नाही आलं तर येऊ नका, कधीच. हे रागात लिहिलेलं नाही. राग आहे, पण हे विचार करून लिहिलंय.

कोकिळा

*

बमरोली
४ ऑक्टोबर १९९७

सोळा दिवस झाले. पोस्टमन रोज येतो आणि रोज पुढे जातो.

तिनं आजही अळणी खाल्लं. टाके काढलेत, खूण राहणार आहे, उजव्या भुवईच्या वर. तुम्हाला बघावीच लागेल, कधी भेटलात तर.

दुसरं काही लिहायचं नाही.

कोकिळा

*

बमरोली
११ ऑक्टोबर १९९७

(पोस्टकार्ड)

बारीक लिहितेय, नीट वाचा. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, आता झाकायला काही उरलं नाही.

तुमचं कार्ड काल दुपारी आलं. पोस्टमननं सुभद्राबाईंच्या हातात दिलं, ओटल्यावर आम्ही सहा जणी होतो. त्यांनी सवयीनं मोठ्यानं वाचायला घेतलं. 'चि. धनू, मला बीपी नाही. कधीच नव्हतं. मी घाणेरडे पिच्चर बघायला जात होतो आणि आजारी आहे असं खोटं बोललो. तू मीठ सोडलंस ते मी रोज बघत होतो आणि गप्प बसलो. तुझा नवस लागू नाही, कारण आजारच नव्हता. मीठ खा. आईनं मला घराबाहेर काढलं ते बरोबर केलं.' त्या 'पिच्चर'पाशी अडखळल्या, पण थांबल्या नाहीत. कोणी हसलं नाही. वाचून झाल्यावर चष्मा पुसत म्हणाल्या, 'माझं माणूस खऱ्या बीपीनं गेलं बाई. तुझं जिवंत आहे.' कार्ड माझ्या मांडीवर ठेवून आत गेल्या. रागावल्यात. त्यांची माफी तुम्हाला वेगळी मागावी लागेल.

धनू शाळेतून आली. दोनदा वाचलं. रडली नाही. डब्यातून मीठ घेतलं, ताटात डाळीवर घातलं, कालवलं, जेवली. सगळं जेवली. मग हात न धुता बसून राहिली आणि मला म्हणाली, 'मंग इतला दिन मी कसाले अळणी खादं?'

याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे, समोर बसून, तिच्या भुवईकडे बघत. ती हळू बोलते. ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारा, भिंतीकडे वळू नका.

पुढच्या रविवारी या. जेवायला मी काय करेन ते माहीत नाही, पण मीठ घातलेलं असेल.

कोकिळा